सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन

जुन्या गाड्यांच्या रिस्टोरेशनचे रील्स तुम्ही बघतच असाल. सगळ्यांचं लक्ष रंगाकडे आणि क्रोमकडे असतं. पण गाडी सरळ चालते, वळणावर ताब्यात राहते आणि ब्रेक मारल्यावर भरकटत नाही, ती मुख्यतः पुढच्या सस्पेन्शनच्या जिवावर. आज आपण प्रीमियर पद्मिनीचं पुढचं सस्पेन्शन समजून घेऊ. पण त्याआधी ही गाडी बनवणारी कंपनी ज्यांनी उभी केली, त्या माणसाची ओळख करून घेऊ. ते आमच्या सोलापूरचे, शेठ वालचंद हिराचंद.

रेल्वेच्या कामापासून विमानापर्यंत

वालचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. शिक्षणासाठी मुंबई-पुण्याला गेले, पण मन पेढीवर रमेना. मग लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वे बांधकामाची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं काम होतं आपल्याच भागातल्या बार्शी लाइट रेल्वेचं.

१९१९ साली नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींबरोबर त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेतलं. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालं. आपण आजही ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो यासाठीच. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बाजारातून हुसकायचा प्रयत्न केला, तरी ते टिकले.

१९३९ मध्ये मोटारीच्या कारखान्यासाठी ते अमेरिकेला गेले होते. त्या प्रवासात विमानात त्यांची विल्यम पॉली यांच्याशी गाठ पडली. पॉली हे विमान कारखान्याच्या धंद्यातले. त्या ओळखीतून १९४० साली बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली, म्हणजे आजची एचएएल. विशाखापट्टणमचा जहाज कारखानाही त्यांचाच.

मोटार मात्र अडली

फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमलं. पण इंग्रज सरकारने मोटारीच्या कारखान्याला पाठबळ दिलं नाही. तरीही १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईच्या कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद मात्र पक्षाघाताने आजारी पडून कामातून बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला गेले. फियाट ११०० पुढच्या वर्षी आली. १९७४ पासून तिच्याच वंशातली गाडी पद्मिनी नावाने धावू लागली. म्हणजे ज्या गाडीमुळे कंपनी घराघरात पोचली, ती त्यांनी पाहिलीच नाही.

सस्पेन्शन चालतं कसं?

पद्मिनीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन हात असतात. याला डबल विशबोन म्हणतात. सोबत कॉइल स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्का पोटात घेते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी उड्याच मारत राहिली असती. ती उडी शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल जिरवतं. फॉर्म्युला वनच्या गाड्यांतही दोन हातांचीच रचना असते. तुमच्या फोनमध्येही याचा एक चुलतभाऊ आहे: स्क्रीन फिरवणाऱ्या ॲक्सेलरोमीटरमध्ये सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं इवलंसं वजन असतं.

काम करताना

आमच्या घरच्या पद्मिनीचं हे काम सध्या सोलापुरातच चालू आहे. ती भंगारात द्यायची की ठेवायची, यावर घरात दोन तट होते. पुढचे बुश पार चिरले होते, खड्ड्यात खडखड आवाज यायचा. पण पत्रा आणि चॅसी शाबूत निघाली, म्हणून ठेवायचं ठरलं. त्यातून या गोष्टी सांगतो:

१. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. खाली स्टँड हवेतच.

२. दबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकतो. स्प्रिंग कम्प्रेसर आणि जाणकार मिस्त्री नसेल तर हे काम घरी करूच नका.

३. प्रत्येक नट खोलण्याआधी फोनने फोटो काढा. वॉशर आणि शिम कुठल्या बाजूला किती होत्या, ते नंतर आठवत नाही.

४. स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश डाव्या-उजव्या जोडीनेच बदला.

५. रबरी बुशचे बोल्ट चाकांवर गाडीचं वजन आल्यावरच पक्के आवळा. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

६. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतील.

हे सगळं कशासाठी?

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षं पूर्ण करून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता या गाडीचे सुटे भाग आणि हात बसलेले मिस्त्री, दोन्ही कमी होत चाललेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरण करताना फिटनेस तपासला जातो. तिथे ढिलं सस्पेन्शन चालत नाही. आणि चालूही नये, कारण प्रश्न आत बसलेल्यांचा आणि रस्त्यावरच्यांचाही आहे.

वालचंदांची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी होती: यंत्र बाहेरून आणून नुसतं वापरायचं नाही, ते इथे बनवता आलं पाहिजे. बनवणं आपल्या हातात नसेल, तरी खोलून समजून घेणं आणि नीट जोडणं नक्कीच आहे. तुमच्या वाड्यात किंवा गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली एखादी पद्मिनी उभी असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एकदा पुढचं चाक वर उचलून हलवून बघा. खडखड नुसती बुशचीच असेल, तर गाडीत अजून जीव आहे.