विमानाच्या शेपटीचं कोडं सोडवणारा तरुण: अल्फाँस पेनो

हर्णेच्या किनाऱ्यावर थर्माकोलचं विमान हाताने सोडलं, की ते बऱ्याचदा नाकावर आपटतं. शेपटीच्या आडव्या पट्टीची मागची कड जराशी वर वाकवली, तर तेच विमान सरळ तरंगत जातं. असं का होतं, हे पॅरिसच्या एका आजारी तरुणाने १८७१ मध्येच ओळखलं होतं.

अल्फाँस पेनोचा जन्म १८५० चा. वडील फ्रेंच नौदलात अॅडमिरल. मुलालाही नौदलात जायचं होतं, पण कमरेच्या सांध्याच्या दुखण्याने ती वाट बंद झाली. मग त्याने उडणाऱ्या यंत्रांचा ध्यास घेतला.

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलेरी बागेत त्याने जाणकारांसमोर आपलं छोटं विमान उडवलं. पीळ दिलेल्या रबराने मागचा पंखा फिरत होता. कोणीही हात न लावता विमान ११ सेकंद स्थिर उडालं!

गंमत शेपटीच्या कोनात होती. पेनोने शेपटी मुख्य पंखापेक्षा कमी कोनात बसवली आणि वजन थोडं पुढे ठेवलं. त्यामुळे शेपटीवर हवेचा दाब खालच्या दिशेने पडतो. नाक वर गेलं की हा दाब कमी होतो आणि नाक खाली येतं. नाक खाली गेलं की वेग आणि दाब वाढतो, नाक पुन्हा वर येतं. म्हणजे विमान स्वतःच स्वतःला सावरतं. पंखांची टोकं वर वळवल्यामुळे ते एका बाजूला कलंडतही नव्हतं.

१८७६ मध्ये पेनोने पॉल गोशोसोबत दोन माणसांच्या मोठ्या विमानाचं पेटंट घेतलं. त्यात आत ओढून घेता येणारी चाकं होती, काचेचं छत होतं. पण पैसा कोणी दिला नाही. वाफेवरचं हवाई जहाज बनवणारे श्रीमंत संशोधक आंरी जिफार यांनीही मदत नाकारली. खचलेल्या पेनोने आपले आराखडे एका छोट्या शवपेटीत भरून त्यांच्याकडे पोचवले आणि ऑक्टोबर १८८० मध्ये आयुष्य संपवलं. वय अवघं ३० वर्षं.

त्याच्याच रचनेवरचं रबराने उडणारं एक खेळणं १८७८ मध्ये अमेरिकेतल्या दोन लहान भावांच्या हाती पडलं होतं. ते होते विल्बर आणि ऑर्व्हिल राईट. १९०३ च्या त्यांच्या विमानात उंची सांभाळणारी आडवी पट्टी पुढे होती. नंतरच्या बहुतेक विमानांनी मात्र पेनोसारखी मागची शेपटीच स्वीकारली.