जेम्स फ्रँक : सवलत नाकारणारा शास्त्रज्ञ

लोखंडाचे गंजणे असो, बॅटरी असो वा पानातील प्रकाशसंश्लेषण, प्रत्येक ठिकाणी इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जात असतो. त्यासाठी रेणूंना आणि भोवतालच्या द्रावकाला आपली मांडणी बदलावी लागते. तिची किंमत म्हणजे पुनर्रचना-ऊर्जा. या संकल्पनेची पायाभरणी जेम्स फ्रँक यांनी केली.

फ्रँक यांचा जन्म २६ ऑगस्ट १८८२ रोजी हॅम्बुर्गमधील ज्यू कुटुंबात झाला. पाऱ्याचा अणू ठरावीक मापानेच ऊर्जा स्वीकारतो, हे त्यांनी १९१४ साली गुस्टाव्ह हर्ट्झ यांच्यासह प्रयोगाने दाखवले. त्यासाठी दोघांना १९२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्योटिंगेन विद्यापीठात असताना, १९२५ सालीच, त्यांनी मांडले की प्रकाश शोषताना इलेक्ट्रॉन इतक्या झटकन स्थिती बदलतो की जड अणुकेंद्रकांना हलण्यास अवधीच मिळत नाही. एडवर्ड कॉन्डन यांनी या विचाराला गणिती रूप दिले.

१९३३ साली नाझी राजवटीने ज्यूंना सरकारी सेवेतून काढण्याचा कायदा केला. पहिल्या महायुद्धात लढल्यामुळे फ्रँक यांना त्यातून सूट होती. सहकाऱ्यांवर अन्याय होत असताना ती स्वीकारणे त्यांना रुचले नाही. १७ एप्रिलला त्यांनी जाहीरपणे राजीनामा दिला आणि पन्नाशीत देश सोडला. कोपनहेगन, बाल्टिमोर आणि १९३८ पासून शिकागो असा त्यांचा प्रवास झाला. कोपनहेगनला ठेवलेले त्यांचे नोबेल पदक नाझींच्या हाती पडू नये म्हणून गेऑर्ग हेवेशी यांनी आम्लराजात विरघळवले. युद्धानंतर त्याच सोन्यातून ते पुन्हा घडवण्यात आले.

अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात ते सहभागी झाले. पण जून १९४५ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जपानवर पूर्वसूचनेविना बॉम्ब टाकण्यास विरोध केला. निर्जन स्थळी प्रात्यक्षिक दाखवावे, ही तिची सूचना मानली गेली नाही. ऑगस्टमध्ये हिरोशिमा व नागासाकी बेचिराख झाली.

१९५२ साली शिकागोतीलच विलर्ड लिबी यांनी फ्रँक-कॉन्डन तत्त्व द्रावणातील इलेक्ट्रॉन-स्थानांतरणास लावले. मात्र इलेक्ट्रॉन आधी जातो आणि भोवताल मागाहून जुळवून घेतो, या मांडणीत ऊर्जेचा हिशोब बसत नव्हता. प्रकाशाची मदत नसेल तर भोवतालचीच मांडणी आधी बदलावी लागते, हे १९५६ साली रुडॉल्फ मार्कस यांनी दाखवले. त्यांना १९९२ साली नोबेल मिळाले.

ते पाहण्यास फ्रँक नव्हते. १९५३ साली ग्योटिंगेनने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले होते. २१ मे १९६४ रोजी त्याच शहराच्या भेटीवर असताना त्यांचे निधन झाले.