शाळा चालवणारे बाळशास्त्री

6 जानेवारी आला की महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो आणि बाळशास्त्री जांभेकरांचे नाव निघते. 1832 साली याच तारखेला त्यांचे ‘दर्पण’ सुरू झाले, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे त्यांचे गाव, म्हणून आपल्या सिंधुदुर्गाला त्यांचा अभिमान अधिक. पण शाळेच्या स्मरणिकेत त्यांची आठवण काढायला आणखी एक कारण आहे. मुंबई इलाख्यात शाळांची व्यवस्था उभी राहत होती, तेव्हा तिचा मोठा भार या कोकणी तरुणाने वाहिला.

वडील गंगाधरशास्त्रींकडे मराठी व संस्कृत शिकून ते मुंबईस गेले. तिथे त्यांना सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा आधार मिळाला. शाळा काढाव्यात आणि त्यांच्यासाठी पुस्तके तयार करावीत, या हेतूने 1822 साली मुंबईत एक मंडळी स्थापन झाली होती. पुढे 1827 मध्ये ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. सरकारचे स्वतंत्र शिक्षण खाते तेव्हा नव्हते. छत्रे या सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी होते. 1830 साली बाळशास्त्री त्यांच्या हाताखाली डेप्युटी झाले आणि 1832 मध्ये, जेमतेम विशीत, सेक्रेटरीची जागा त्यांच्याकडे आली.

शाळा काढली तरी मुलांच्या हाती द्यायचे काय, हा प्रश्न होताच. बाळशास्त्रींनी मराठीत व्याकरण, भूगोल, इतिहास, गणित या विषयांची पुस्तके लिहिली. 1834 साली ते एल्फिन्स्टनमध्ये असिस्टंट प्रोफेसर झाले. त्या जागेवर नेमले गेलेले ते पहिले भारतीय. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड हे त्यांचे विद्यार्थी.

1840 मध्ये सोसायटीचे काम बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेले. त्यानंतर बाळशास्त्रींनी शाळा तपासनीस म्हणून काम केले आणि शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलची धुराही सांभाळली. पुस्तक, शिक्षक आणि तपासणी या तिन्ही गोष्टींवर शाळा उभी राहते, आणि तिन्हींना त्यांचा हात लागला.

या कामाला लागणारे धैर्यही त्यांच्यापाशी होते. 1843 साली मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला जातीबाहेर ठेवण्याचा आग्रह झाला. बाळशास्त्रींनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे अशी बाजू धरली आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला.

मे 1846 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते गेले.

आज मेळाव्यात आपण आपल्या गुरुजनांचा सत्कार करू. त्याच वेळी हजेरीपट सांभाळणारे, तपासणीला तोंड देणारे, पुस्तके वेळेवर यावीत म्हणून खेटे घालणारे मुख्याध्यापक, कारकून आणि संस्थाचालकही आठवूया. त्यांच्या वाटेवरचा एक थोर पूर्वज आपल्याच जिल्ह्यातला आहे.