माराकानाचा गोलरक्षक : मोआसीर बार्बोसा

फुटबॉल म्हणजे आपल्या गोव्याचा जीव की प्राण. भातकापणी झाली की मोकळ्या शेतांतून मुलांचे सामने रंगू लागतात. गोल करणाऱ्याला सारे खांद्यावर घेतात. गोल अडवणाऱ्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही, आणि त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते ते चेंडू जाळ्यात गेल्यावरच. या पानावर आम्ही थोरामोठ्यांची चरित्रे देत असतो. ती बहुधा जिंकलेल्यांची असतात. या वेळी विद्यार्थी मित्रांना आम्ही अशा एका गोलरक्षकाची ओळख करून देत आहोत, ज्यांना एका गोलाची किंमत पन्नास वर्षे मोजावी लागली. त्यांचे नाव मोआसीर बार्बोसा.

बार्बोसा हे आडनाव गोव्यात परके वाटणार नाही. ब्राझील आणि गोवा या दोन्ही ठिकाणी पोर्तुगीजांनी राज्य केले, म्हणून तिथली कितीतरी नावे आपल्याकडेही ऐकू येतात. मोआसीर यांचा जन्म २७ मार्च १९२१ रोजी साव पावलो राज्यातील काम्पिनास या शहरी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८८ साली. म्हणजे त्यांच्या जन्माच्या वेळी गुलामीत दिवस काढलेली माणसे अजून हयात होती. कायदा बदलला तरी लोकांची मने तितक्या लवकर बदलत नाहीत, ही गोष्ट पुढील हकीकत वाचताना लक्षात ठेवावी.

लहानपणी बार्बोसा बगलेवरून चढाई करणारे खेळाडू होते. पुढे ते गोलात उभे राहू लागले आणि तिथेच रमले. साव पावलोच्या इपिरांगा क्लबकडून नाव कमावल्यावर १९४५ साली ते रिओ द जानेरोच्या वास्को द गामा क्लबमध्ये आले. आपल्या वास्को शहराला ज्या दर्यावर्दीचे नाव आहे, त्याच्याच नावाचा हा क्लब. या क्लबचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. १९२३ साली वास्कोने कृष्णवर्णीय आणि कष्टकरी खेळाडूंना घेऊन रिओची स्पर्धा जिंकली. दुसऱ्या वर्षी बड्या क्लबांनी या खेळाडूंना काढून टाकण्याची अट घातली, तेव्हा वास्कोने ती साफ नाकारली. अशा क्लबमध्ये बार्बोसांचे चीज झाले यात नवल नाही.

त्या काळी बहुतेक गोलरक्षकांप्रमाणे बार्बोसाही हातमोजे न घालता खेळत. त्यांच्या काळात वास्कोने रिओची स्पर्धा १९४५, १९४७, १९४९ आणि १९५० साली जिंकली. १९४८ साली चिलीत दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली, तीही वास्कोनेच जिंकली. १९४९ साली ब्राझील दक्षिण अमेरिकेचा अजिंक्य संघ ठरला, तेव्हा गोलात बार्बोसाच होते. त्या वेळी त्यांच्यापेक्षा चांगला गोलरक्षक ब्राझीलमध्ये नाही, असे जाणकार मानीत.

दुसऱ्या महायुद्धामुळे विश्वचषक स्पर्धा १९३८ नंतर झाली नव्हती. १९५० च्या स्पर्धेचे यजमानपद ब्राझीलला मिळाले. त्यासाठी रिओमध्ये जगातील सर्वांत मोठे स्टेडियम बांधायचे ठरले. काम २ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू झाले. शेजारून वाहणाऱ्या छोट्या नदीवरून त्याला माराकाना हे नाव पडले, आणि नदीला ते पोपटाच्या एका जातीवरून मिळालेले. शहराच्या मध्यभागी हे स्टेडियम व्हावे म्हणून मारियो फिल्यो या पत्रकाराने मोठी मोहीम चालवली होती. १९६६ साली त्यांचे निधन झाल्यावर स्टेडियमला त्यांचेच नाव देण्यात आले. १६ जून १९५० रोजी रिओ आणि साव पावलो यांच्या तरुण संघांच्या सामन्याने माराकानाचे उद्घाटन झाले. तेव्हाही काही काम बाकीच होते.

या स्पर्धेत आपला भारतही होता, निदान कागदावर. इटली, स्वीडन आणि पाराग्वे यांच्या गटात भारताचे नाव पडले होते, पण आपला संघ गेला नाही.

यजमान ब्राझीलने मेक्सिकोला ४-० ने हरवून सुरुवात केली. स्वित्झर्लंडशी २-२ अशी बरोबरी झाली, मग युगोस्लाव्हियावर २-० असा विजय मिळाला. त्या वर्षी आजच्यासारखा अंतिम सामना ठेवलेला नव्हता. चार गटांतील पहिल्या क्रमांकाच्या संघांनी आपसांत साखळी पद्धतीने खेळायचे होते. त्यात ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे धुऊन काढले. उरुग्वेची स्पेनशी २-२ बरोबरी झाली होती आणि स्वीडनवर ३-२ असा निसटता विजय मिळाला होता. त्यामुळे शेवटच्या सामन्यात ब्राझीलला नुसती बरोबरीही पुरेशी होती.

मग काय, सामन्याआधीच सारा देश विजयाच्या तयारीला लागला. एका वृत्तपत्राने सामन्याच्या आदल्याच अंकात संघाचे छायाचित्र विश्वविजेते म्हणून छापून टाकले. सामना सुरू होण्यापूर्वी शहराच्या महापौरांनी खेळाडूंना विजेते म्हणूनच संबोधले. फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांनी अभिनंदनाचे भाषण पोर्तुगीजमध्ये तयार ठेवले होते. खेळाडूंच्या मनावर या सगळ्याचे केवढे ओझे झाले असेल, याचा विचार कोणी केला नाही.

१६ जुलै १९५० रोजी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांचीच संख्या १,७३,८५० होती. प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास माणसे होती असे मानतात. मध्यंतरानंतर दुसऱ्याच मिनिटाला फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला आणि स्टेडियम दणाणून गेले. उरुग्वेचा कप्तान ओबदुलियो वारेला याने तेव्हा एक शहाणपण केले. चेंडू हाती धरून तो पंचांशी वाद घालत राहिला, वेळ गेला, गर्दीचा जोश थोडा उतरला. ६६ व्या मिनिटाला गिजियाने उजव्या बगलेवरून मुसंडी मारून चेंडू मध्ये दिला आणि स्कियाफिनोने गोल करून बरोबरी साधली.

आता तो दुसरा गोल. ७९ व्या मिनिटाला गिजिया पुन्हा उजवीकडून तसाच धावत आला. गोलरक्षकापुढे अशा वेळी दोनच वाटा असतात. जवळच्या खांबाला चिकटून राहावे तर मध्ये येणारा पास मोकळा सुटतो. पास अडवायला पाऊल पुढे टाकावे तर खांबाजवळ फट राहते. गिजियाने आधी मध्ये पास दिला होता आणि गोल त्यातूनच झाला होता. बार्बोसांनी तेच पुन्हा होईल असे धरून एक पाऊल मध्ये टाकले. गिजियाने त्या फटीतून थेट गोलात चेंडू मारला. बार्बोसांनी मागे झेप घेतली, पण चेंडू आत गेला होता. अनुभवी गोलरक्षकाने जो विचार करावा तोच त्यांनी केला होता. त्या दिवशी समोरच्याने दुसरा विचार केला, इतकेच.

सामना उरुग्वेने २-१ ने जिंकला. लाखो माणसांच्या स्टेडियमवर शांतता पसरली. सामना बरोबरीत असताना रिमे पेला देण्याच्या तयारीसाठी खाली उतरले होते. ते मैदानात पोचले तेव्हा सारेच बदलले होते. गोंधळात कसाबसा तो पेला त्यांनी वारेलाच्या हाती दिला. तयार भाषण खिशातच राहिले.

त्या स्पर्धेत ब्राझीलने एकूण २२ गोल केले आणि ६ गोल स्वीकारले. अनेक क्रीडा पत्रकारांच्या मते स्पर्धेतील सर्वोत्तम गोलरक्षक बार्बोसाच होते. पण देशाला दोषी माणूस हवा होता. बोट दाखवले गेले ते बार्बोसा, बिगोदे आणि जुव्हेनाल या तिघांकडे. तिघेही कृष्णवर्णीय. शेवटच्या अकरा मिनिटांत दुसरा गोल का झाला नाही, सामन्याआधीच विजयोत्सव कोणी मांडला, हे प्रश्न मागे पडले. कृष्णवर्णीय गोलरक्षकावर भरवसा ठेवू नये, असा समज पुढे कित्येक वर्षे ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये मूळ धरून राहिला. २००६ च्या विश्वचषकात दिदा हा ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून उभा राहिला, तेव्हा लोकांना बार्बोसांचीच आठवण झाली.

ब्राझीलने शर्टाचा पांढरा रंगही टाकला. १९५३ साली एका वृत्तपत्राने नव्या पोशाखासाठी स्पर्धा घेतली. अवघ्या १९ वर्षांच्या आल्दिर श्ली या तरुणाने काढलेला पिवळ्या शर्टाचा नमुना निवडला गेला. आज जगभर ओळखला जाणारा तो पिवळा शर्ट या पराभवातून आला आहे. शर्ट बदलता आला, बार्बोसांवरचा डाग मात्र कोणी पुसला नाही.

बार्बोसांनी खेळणे सोडले नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. ज्या माराकानात हे घडले, तिथेच ते वास्कोकडून पुन्हा पुन्हा उतरले. देशासाठी त्यांना १९५३ साली आणखी एकच सामना मिळाला. त्याच वर्षी पाय मोडला. तरी ते परत आले, १९५८ साली रिओच्या विजेत्या संघात राहिले, आणि १९६२ साली वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांनी खेळ थांबवला. पुढे पोटापाण्यासाठी त्यांनी नोकरी केली तीही माराकानाच्याच आवारात. माराकानाचे जुने लाकडी खांब त्यांना मिळाले आणि त्यांनी ते जाळून टाकले अशी गोष्ट सांगतात. तिच्या खरेपणाविषयी मतभेद आहेत.

सामन्याला वीस वर्षे होऊन गेल्यावर एकदा दुकानात एका बाईने आपल्या लहान मुलाला त्यांच्याकडे बोट दाखवून, साऱ्या ब्राझीलला रडवणारा माणूस तो हाच, असे सांगितले. ही आठवण बार्बोसा स्वतः सांगत, आणि तो आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचा क्षण होता असेही म्हणत. १९९३ साली ते राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिराला भेट द्यायला गेले, तर अपशकुन होईल या भीतीने त्यांना खेळाडूंना भेटू दिले नाही. ब्राझीलच्या कायद्यात तेव्हा जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची होती. न केलेल्या गुन्ह्यासाठी आपण पन्नास वर्षे शिक्षा भोगतो आहोत, असे ते उतारवयात म्हणत. समुद्रकाठच्या प्राया ग्रांदे या गावी ७ एप्रिल २००० रोजी त्यांचे निधन झाले. वय ७९ वर्षे होते.

माराकाना पुढेही सामने पाहत राहिला. १९५० साली नऊ वर्षांच्या असलेल्या पेलेने त्या पराभवानंतर वडिलांना रडताना पाहिले होते. त्याच पेलेने १९ नोव्हेंबर १९६९ रोजी माराकानात आपला हजारावा गोल केला. १६ जुलै १९८९ रोजी, बरोबर ३९ वर्षांनी, ब्राझीलने तिथेच उरुग्वेला १-० ने हरवून कोपा अमेरिका जिंकली. २०१४ चा विश्वचषक ब्राझीलमध्ये झाला, तेव्हा उपांत्य फेरीत बेलो होरिझोन्ते येथे जर्मनीने यजमानांना ७-१ ने हरवले. त्यानंतर कितीतरी लोकांना वाटले की बार्बोसांवर आपण फार अन्याय केला. २० ऑगस्ट २०१६ रोजी माराकानात ऑलिम्पिकचा अंतिम सामना पेनल्टीवर गेला. ब्राझीलचा गोलरक्षक वेव्हर्तोन याने जर्मनीची पाचवी पेनल्टी अडवली आणि ब्राझीलला फुटबॉलचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळाले. त्या दिवशी त्याच मैदानावर गोलरक्षकाला डोक्यावर घेऊन नाचले. बार्बोसा ते पाहायला नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक भारताला दिला. तुमच्यातूनही कोणी असा निघेल. पण त्यासाठी आज गोलात उभ्या राहणाऱ्या मुलाला उद्याही तिथे उभे राहावेसे वाटले पाहिजे. चेंडू गोलरक्षकापर्यंत पोचतो तो दहा जणांना चुकवून. तेव्हा हरलात तर अकरा जण हरलात, आणि सामना संपल्यावर सर्वांत आधी आपल्या गोलरक्षकाच्या पाठीवर हात ठेवा.

पालकांनाही आमची विनंती आहे. सामना असो वा परीक्षा, एका दिवसाचा निकाल मुलाच्या नावाला कायमचा चिकटवू नये. दुकानातील त्या बाईने मुलाला जे शिकवले, ते आपल्या मुलांनी आपल्याकडून ऐकू नये. आणि विश्वस्त मंडळाला सुचवावेसे वाटते, की वार्षिक बक्षीस समारंभात जिंकलेल्या संघाबरोबर मनापासून खेळून हरलेल्या संघालाही व्यासपीठावर बोलवावे. बार्बोसांना असे कोणी वेळेवर बोलावले नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत तो उशीर होऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.