समुद्रावर रमलेला हेमिंग्वे

पु. ल. देशपांडे यांचं ‘एका कोळियाने’ तुमच्यापैकी कितीतरी जणींनी वाचलं असेल. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेल्या म्हाताऱ्या कोळ्याची ही गोष्ट मूळ अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकी लेखकाची. ती काही त्याला घरबसल्या सुचली नव्हती. कित्येक वर्षं तो समुद्राच्या संगतीत राहिला होता.

हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कमधला. वडील डॉक्टर, आई संगीत शिकवायची. उन्हाळ्यात सगळं कुटुंब मिशिगनमधल्या तळ्याकाठच्या घरी जायचं. तिथे वडिलांनी अगदी लहानपणीच त्याच्या हाती गळ दिला. पुढे १९२८ मध्ये तो फ्लोरिडाच्या टोकाला, की वेस्ट बेटावर राहायला आला आणि गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर वाढलेला हा मुलगा खाऱ्या पाण्याच्या प्रेमात पडला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस वडिलांनी आत्महत्या केली. आजारपण, पैशाची काळजी आणि मनाची उदासी त्यांना सोसली नाही. गळ शिकवणारा हातच गेला. ही जखम हेमिंग्वेच्या मनात कायमची राहिली.

१९३४ मध्ये त्याने स्वतःसाठी अडतीस फुटी बोट घेतली. नाव ठेवलं ‘पिलार’. दुसऱ्या पत्नीचं, पॉलिनचं, ते लाडाचं नाव. क्यूबाजवळून गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला उबदार प्रवाह वाहतो. त्यात भाल्यासारख्या तोंडाचे प्रचंड मार्लिन मासे सापडतात. जाळं नाही, नुसती काठी, दोरी आणि गळ! मासा लागला की तासन्‌तास झुंज चालायची. थकलेला मासा बोटीपाशी आणेपर्यंत शार्क त्याचे लचके तोडायला टपलेले असायचे.

ही नुसती हौस नव्हती बरं का! फिलाडेल्फियाचे शास्त्रज्ञ मार्लिनचा अभ्यास करायला त्याच्या बोटीवर आले होते. पुढे एका माशाला शास्त्रीय नावही हेमिंग्वेवरून दिलं गेलं. कोहिमार गावच्या कोळ्यांशी त्याची गट्टी जमली होती. त्याच अनुभवातून १९५२ मध्ये म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट आली. १९५३ मध्ये पुलित्झर आणि १९५४ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. नोबेलचं पदक त्याने क्यूबातल्या एल कोब्रेच्या मेरीमातेच्या चरणी वाहिलं.

पण घरातलं चित्र वेगळं होतं. चार लग्नं झाली, दारू सुटली नाही, बायकांनी खूप सोसलं. १९६० मध्ये क्यूबा सुटलं, ‘पिलार’ही तिथेच राहिली. मन पार खचलं होतं. मेयो क्लिनिकमध्ये उपचार झाले, पण बाहेर कारण सांगितलं गेलं रक्तदाबाचं! २ जुलै १९६१ रोजी, बासष्टावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, त्यानेही वडिलांचीच वाट धरली. पत्नी मेरीने आधी तो अपघात असल्याचं सांगितलं. तिचं तरी काय चुकलं? लोक काय म्हणतील, ही भीती तिकडेही होतीच.

समाजकार्याच्या निमित्ताने मी घरोघरी जाते. शुगर, बीपी सगळे मोकळेपणाने सांगतात. मनाचं दुखणं मात्र दाराआड ठेवतात. हेमिंग्वेच्या घरात पुढे बहीण, भाऊ आणि एक नात असेच गेले. दुसऱ्या नातीने मात्र हे दार उघडलं. तिचं नाव मॅरिएल. बाप आणि आजोबा जिथे मासेमारीला जायचे, त्या क्यूबातल्या बंदराचं नाव तिला दिलं होतं. घराण्यातल्या या आजाराबद्दल ती जाहीरपणे बोलू लागली, २०१३ च्या एका माहितीपटातही बोलली.

समुद्राने हेमिंग्वेला खूप दिलं, पण औषधाचं आणि आपल्या माणसांशी मोकळं बोलण्याचं काम समुद्र कसा करणार? आपल्या घरात कुणी गप्प गप्प राहू लागलं, तर त्याच्याजवळ बसा, विचारा आणि न लाजता डॉक्टरांकडे घेऊन जा. एवढं तर आपण नक्कीच करू शकतो, नाही का?