सातव्या पिढीची प्राध्यापिका

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे जिच्या वडिलांच्या घराण्यात सलग सहा पिढ्या प्राध्यापक झाले, त्या मुलीला तरी वाट सोपी गेली असेल, असा माझा समज होता. मारिया गेपर्ट-मायर यांचे चरित्र वाचले आणि तो गळून पडला.

त्यांच्यापर्यंत मी पोहोचले ती आत्यामुळे. गेल्या वर्षी तिच्या हाडांचा स्कॅन झाला. त्यासाठी शिरेतून टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य दिले. सहा तासांत त्याचा जोर निम्म्यावर येतो, असे समजले. कला शाखेची असूनही मला राहवेना, ग्रंथालय गाठले.

अणुकेंद्राला जादा ऊर्जा मिळाली, तर एरवी ते ती क्षणार्धात टाकून देते. काही केंद्रे मात्र ती तासन्‌तास, क्वचित वर्षानुवर्षे धरून ठेवतात. त्यांना आयसोमर म्हणतात. १९२१ साली ओटो हान यांना पहिला आयसोमर सापडला. पण ते विशिष्ट ठिकाणीच गर्दी का करतात, याचा उलगडा मारियाबाईंच्या सिद्धान्ताने झाला.

२८ जून १९०६ रोजी जन्मलेल्या मारियाबाईंनी १९३० साली गटिंगेन येथे डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी जोसेफ मायर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाशी विवाह करून त्या बाल्टिमोरला गेल्या. पतीच्या विद्यापीठात पत्नीला नेमायचे नाही, असा तेथे दंडक होता. पुढे शिकागोतही विद्यापीठाने पद दिले, पण पगार दिला नाही. तरी बाईंनी अभ्यास सोडला नाही.

२, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ इतके प्रोटॉन वा न्यूट्रॉन असलेली केंद्रे विशेष स्थिर असतात. असे का? सहकारी एन्रिको फर्मी यांच्या एका प्रश्नावरून बाईंना धागा सापडला. नागपंचमीला फुगडीच्या जोड्या गरगरत मोठ्या फेरातही फिरत आहेत, अशी कल्पना करा. गिरकी व फेर एकाच दिशेने असतील तर ऊर्जा कमी लागते, उलट असतील तर जास्त. कणांचेही तसेच. त्यामुळे ऊर्जेच्या पायऱ्या दुभंगतात आणि नेमक्या याच संख्या मिळतात. या संख्यांच्या अलीकडे, अगदी वेगळ्या गिरकीच्या दोन पायऱ्या शेजारी येतात. वरच्या पायरीवरून खाली उतरणे अवघड होते आणि केंद्र तेथेच रेंगाळते. टेक्नेशियमचे प्रोटॉन ४३, म्हणजे पन्नाशीच्या अलीकडेच!

हे संशोधन १९४९ चे. जर्मनीत येन्सन यांनीही स्वतंत्रपणे तेच शोधले होते. बाईंनी वैर न धरता त्यांच्याबरोबर ग्रंथ लिहिला. पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद मिळायला १९६० साल उजाडले. १९६३ साली नोबेल मिळाले. भौतिकशास्त्रात मेरी क्युरींनंतर साठ वर्षांनी एका स्त्रीला! १९७२ साली त्या निवर्तल्या.

आत्या गंगावेशीत दूध घालते; माझी फी त्यातूनच जाते. तिला हे सारे सांगितले, तेव्हा बाईंचे घर कशावर चालत होते, एवढेच तिने विचारले. मी निरुत्तर झाले. पतीचा पगार होता, म्हणून बाईंना विनावेतन टिकता आले. आमच्यासारख्या मुलींपाशी तो आधार नाही. म्हणून मैत्रिणींनो, मारियाबाईंची चिकाटी आपण जरूर घ्यावी. फुकट राबण्याचा कित्ता मात्र कुणाला गिरवावा लागू नये.

(बी. ए. भाग २)