झाक मोनो

फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिस येथे झाला. बालपणीच्या पोलिओने त्यांचा एक पाय अधू झाला. तरी गिर्यारोहणाची हौस त्यांनी सोडली नाही.

संशोधन करीत असता त्यांनी सूक्ष्मजंतूंना ग्लुकोज व दुधातील शर्करा लॅक्टोज एकत्र दिली. जंतूंनी प्रथम ग्लुकोज संपविले. मग त्यांची वाढ थांबली व काही वेळाने लॅक्टोजवर पुन्हा सुरू झाली. हा विराम का पडावा? या प्रश्नाने मोनोंना वीस वर्षे स्वस्थ बसू दिले नाही. मध्यंतरी जर्मनीने फ्रान्स व्यापला, तेव्हा प्राण धोक्यात घालून ते गुप्त प्रतिकारचळवळीत लढले. युद्धानंतर पाश्चर संस्थेत पुन्हा तेच कार्य सुरू झाले.

१९६१ मध्ये फ्रान्स्वा झाकोब यांच्यासह त्यांनी कोडे उलगडले. लॅक्टोज नसता एक निरोधक रेणू संबंधित जनुकांचे कार्य रोखून धरतो. लॅक्टोज मिळताच तो दूर होतो आणि ती शर्करा पेशीत आणणारी व तिचे विघटन करणारी प्रथिने निर्माण होऊ लागतात. या सिद्धतेस लागणारा वेळ म्हणजेच तो विराम!

१९६५ मध्ये झाकोब व आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. ३१ मे १९७६ रोजी ते निवर्तले. क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टीचेही कारण शोधावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.